माकड, माणूस अन् बोंडअळी: उत्क्रांतीवर गावात हमखास विचारले जाणारे प्रश्न

दहावीच्या पोरांना सायन्स शिकवतो, गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, कापूस-तुरीचं. उत्क्रांतीचा धडा आला की वर्गात कमी अन् वर्गाबाहेर जास्त प्रश्न येतात, कोणी पारावर अडवते, कोणी कृषी केंद्राच्या बाकड्यावर, अन् सप्ताहाच्या पंगतीत तर ठरलेलंच. दरवेळी तेच तेच बोलून तोंड दुखते म्हणून एकदाचं लिहून टाकतो. प्रश्न जसे आले तसेच ठेवले, काही खवचट आहेत, राहू द्या.

सर, माणूस खरंच माकडापासून झाला का?

नाही. तुमच्या वावरात तुरीच्या शेंगा ओरबाडते त्या वानरापासून तर बिलकुल नाही. त्याचे अन् आपले पूर्वज अडीच-तीन कोटी वर्षांमागं एक होते, मग फाटे फुटले, ते त्यांच्या रस्त्यानं गेले अन् आपण आपल्या. नात्यात सांगायचं तर ते आपले आजोबा नाहीत, लय दूरचे चुलतभाऊ आहेत. सगळ्यात जवळचा चुलतभाऊ म्हणजे आफ्रिकेतला चिंपांझी, त्याचा अन् आपला रस्ता साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी वेगळा झाला, डीएनए शेजारी ठेवून पाहिला तर ९८ टक्क्यांच्या आसपास जुळते. अन् एक गंमत, डार्विनचं जे पुस्तक १८५९ मध्ये आलं अन् ज्याच्यावर एवढा धुरळा उडाला त्यात माणसाबद्दल जवळपास काहीच नाही, त्यानं ते मुद्दाम टाळलं होतं, माणसावर त्यानं लिहिलं ते १८७१ मध्ये.

मंग आता काहून नाही बनत माकडाचा माणूस? कोणी पाह्यलं का बनताना?

हा प्रश्न फक्त आपल्या पारावरचा नाही. २०१८ च्या जानेवारीत केंद्रातले शिक्षण खात्याचे राज्यमंत्री सत्यपाल सिंह, जे आधी मुंबईचे पोलीस कमिशनर होते, औरंगाबादला येऊन हेच बोलले, की माकडाचा माणूस होताना आपल्या वाडवडलांनी कधी पाहिलं नाही, डार्विन चूक आहे, शाळा-कॉलेजातून काढून टाका. त्यावर देशातल्या तिन्ही मोठ्या विज्ञान अकादम्यांनी एकत्र पत्रक काढून सांगितलं की ह्या बोलण्याला काही आधार नाही.

आता "पाहिलं नाही" ह्याचं उत्तर. आज जिवंत असलेल्या माकडाचा माणूस बनेल असं उत्क्रांती म्हणतच नाही, तो तिचा दावाच नाही, त्यामुळं ते दिसलं असतं तर उलट डार्विन खोटा ठरला असता. अन् उत्क्रांती होताना पाहायचीच असेल तर तुम्ही पाहिलेली आहे राजे हो, तुमच्याच पऱ्हाटीत, म्हणजे कापसात पाहिली, त्यात पैसे पण गेले. खाली वाचा.

बोंडअळीचा अन् डार्विनचा काय संबंध?

सगळा संबंध तोच आहे. बीटी कापसाला आपल्या देशात २००२ मध्ये परवानगी मिळाली. मातीतल्या एका बॅक्टेरियाचा जीन सरकीत घातला, त्यामुळं झाड स्वतःच अळीसाठी विष बनवते, अळीनं बोंड कुरतडलं की मेली. पहिली दोन-चार वर्ष काय आनंद होता, फवारा कोपऱ्यात पडून. २००६ मध्ये दोन जीनवालं बीजी-टू आलं, म्हटलं आता तर विषयच संपला.

पण लाखो अळ्यांत दोन-चार अशा असतातच ज्यांच्या जीनमध्ये जन्मतःच थोडा फरक असते अन् ते विष त्यांना लागत नाही. बीटी नव्हतं तेव्हा त्या फरकाचा त्यांना काही फायदा नव्हता. बीटी आलं, बाकीच्या सगळ्या मेल्या, ह्या उरल्या, ह्यांचेच पतंग झाले, ह्यांनीच अंडी घातली. गुलाबी बोंडअळी जवळपास कापसावरच जगते, आपण गावच्या गाव बीटी लावलं म्हणजे तिच्यापुढं दुसरं ताटच ठेवलं नाही, अन् फरदड घेऊन पऱ्हाटी मार्च-एप्रिलपर्यंत उभी ठेवली म्हणजे एका वर्षात पिढ्याही वाढवून दिल्या. गुजरातमध्ये पहिल्या जीनला ती दाद देत नाही हे २०१० मध्ये कंपनीनंच कबूल केलं, २०१४-१५ पर्यंत दुसरा जीनही पचवला, अन् २०१७ मध्ये आपल्याकडं काय झालं ते मी सांगायची गरज नाही, न उमललेल्या डोमकळ्या, किडलेली बोंडं, कवडी कापूस. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर माणसं गेली.

ह्याला नैसर्गिक निवड म्हणतात. अळीनं काही ठरवलं नव्हतं, तपश्चर्या केली नव्हती, कोणी तिला वर दिला नव्हता. जिच्यात फरक होता ती जगली अन् तिची पिलावळ वाढली, डार्विन अन् वॉलेस ह्या दोघांचा निबंध १ जुलै १८५८ ला लंडनमध्ये वाचला गेला त्यात मूळ गोष्ट हीच आहे.

अन् ते नॉन-बीटीचं पाकीट आठवते का, ४५० ग्रॅमच्या बॅगसोबत १२० ग्रॅमचं यायचं, नियम होता की वावराच्या कडेनं लावा, अन् आपण बांधावर फेकून द्यायचो, कोण लावते अळीसाठी कापूस? ते पाकीट म्हणजे निव्वळ डार्विन होता. विष पचवायचा गुण आई अन् बाप दोघांकडून आला तरच अळी बीटीवर नीट टिकते. नॉन-बीटीच्या ओळींत साध्या अळ्या वाढल्या असत्या, त्यांचे पतंग विष पचवणाऱ्यांसोबत जुळले असते अन् पुढची पिल्लं पुन्हा बीटीवर मेली असती. दुकानदारानं हे सांगितलं नाही, पाकिटात सरकी कधी कधी कशी निघायची ते पण सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळं सगळा दोष शेतकऱ्यावर टाकायला मी काही तयार नाही.

तिकडं अमेरिकेत, जिथं उत्क्रांती शिकवण्यावरून शंभर वर्षांपासून कोर्टकचेऱ्या चालू आहेत, त्याच देशात अ‍ॅरिझोनाच्या कापूसवाल्यांनी नॉन-बीटीचा नियम पाळला, नंतर नपुंसक केलेले पतंग विमानातून सोडले, अन् २०१८ मध्ये तिथल्या सरकारनं गुलाबी बोंडअळी देशातल्या कापसातून संपली असं जाहीर केलं. ते शेतकरी रविवारी चर्चमध्ये काय ऐकत असतील ते असतील, वावरात डार्विननं सांगितल्यासारखं वागले.

पण अळी अळीच राहिली ना, तिचा उंदीर तर नाही झाला!

हा प्रश्न बरोबर आहे, विचारणाऱ्याला मी चहा पाजतो. अळीतला बदल दहा-पंधरा वर्षांचा आहे. मोठे बदल पाहायला कोटीत मोजावं लागते अन् तिथं साक्षीदार दगड असतात. जम्मू-काश्मीरच्या राजौरी जिल्ह्यातल्या कालाकोटजवळ एका भारतीय भूवैज्ञानिकानं गोळा केलेले दगड कित्येक वर्ष तसेच पडून होते, ते फोडले तर आतून मोठ्या मांजराएवढ्या, खुरं असलेल्या प्राण्याची हाडं निघाली. २००७ मध्ये त्याचा अभ्यास छापून आला, नाव इंडोह्यस, वय साधारण ४ कोटी ८० लाख वर्ष, अन् त्याच्या कानाचं हाड देवमाशासारखं. त्याच्या पुढच्या पायऱ्या, अर्धे पाण्यात अर्धे जमिनीवर राहणारे, पाकिस्तानात अन् कच्छमध्ये सापडल्या. देवमासा आजही हवा घ्यायला वर येते, पिल्लाला दूध पाजते, आतमध्ये मागच्या पायांची बारकी हाडं बाळगून फिरते. आपल्याकडं माकडहाड आहे, शेपूट नाही, अन् अक्कलदाढेसाठी जबड्यात जागा नाही, तो त्रास ज्यानं काढला त्यालाच माहीत.

आणखी एक गोष्ट, जगात लाखो जीवाश्म निघाले पण डायनोसोरच्या थरात सशाचं हाड निघालं असं एकदाही झालं नाही. एक जरी पक्कं सापडलं तर सगळा डाव उधळते. १६० वर्षांपासून लोक खोदत आहेत, त्यात डार्विनचे दुष्मनही आहेत.

सायंटिस्ट पण खोटं बोलतात ना? पिल्टडाऊनचं व्हॉट्सअ‍ॅपवर आलं होतं.

बोलतात. १९१२ मध्ये इंग्लंडातल्या पिल्टडाऊनला माणसाच्या कवटीला ओरांगउटानचा जबडा जोडून, घासून-रंगवून, "हा घ्या मधला दुवा" म्हणून खपवला अन् भले भले फसले. १९५३ मध्ये ते बिंग फोडलं कोणी? शास्त्रज्ञांनीच, रसायनाच्या टेस्ट करून. फॉरवर्ड करणारे तेवढी शेवटची ओळ कापतात.

दशावतार म्हणजेच उत्क्रांती आहे असं महाराज कीर्तनात म्हणाले, मासा, कासव, वराह, नरसिंह, वामन...

ऐकायला छान वाटते, मला पण लहानपणी वाटायचं, अन् ही तुलना काही आत्ताची नाही, दीडशे वर्षांपासून फिरते आहे. पण जरा थांबून पाहा. मत्स्याला कूर्म झाला नाही, कूर्माच्या पोटी वराह आला नाही, प्रत्येक अवतारात तोच विष्णू वेगळं काम घेऊन येते. रानडुक्कर आलं तोपर्यंत माणूस कुठंच नव्हता म्हणावं तर त्याच कथेत हिरण्याक्ष आहे, ऋषी आहेत, नरसिंहाच्या वेळी तर अख्खं राज्य आहे. कथा भक्ताला कोण तारते ते सांगायला रचली, जीवशास्त्राचा पेपर सोडवायला नाही. मला विचाराल तर तिच्याकडून डार्विनचं सर्टिफिकेट मागणं हा कथेचाच अपमान आहे. अन् मजा बघा, एकीकडं म्हणायचं डार्विन खोटा अन् दुसरीकडं म्हणायचं तो आमच्या पुराणातूनच निघाला, दोन्ही एकाच मंडपात, एकाच माइकवरून!

ब्रह्मदेवाचा एक दिवस ४३२ कोटी वर्षांचा, अन् सायन्स म्हणते पृथ्वी ४५४ कोटी. जवळ आलं ना?

आकडा जवळ आला, खरं आहे. पण ४५४ कोटी हा आकडा आला तो युरेनियमचं शिसं व्हायला किती काळ लागते ते मोजून. १९५६ मध्ये क्लेअर पॅटरसन नावाच्या माणसानं उल्कांच्या तुकड्यांतलं शिसं मोजून साधारण ४५५ कोटी काढले. तुम्ही नागपूरच्या लॅबमध्ये मोजा, जपानमध्ये मोजा, तेवढेच येणार. उद्या मोजणी सुधारली अन् आकडा थोडा सरकला तर पुस्तक बदलेल, ब्रह्मदेवाचा दिवस बदलता येते का? एक फायदा मात्र आपल्याला झाला, युगं-कल्पांच्या मोठ्या आकड्यांची आपल्याला सवय आहे, त्यामुळं पृथ्वी म्हातारी आहे ह्यावरून आपल्याकडं कोणी डोकं फोडत नाही. तिकडं काही ख्रिस्ती कट्टर लोक अजूनही पृथ्वी सहा-दहा हजार वर्षांचीच म्हणून बसले आहेत, सतराव्या शतकात आयर्लंडच्या अशर नावाच्या बिशपनं तर हिशोब करून ख्रिस्तपूर्व ४००४ हे सालच काढून दिलं होतं.

हे भांडण सुरू झालं तरी कुठून?

कोर्टातलं भांडण अमेरिकेतून. १९२५ मध्ये टेनेसी राज्यानं कायदा केला की सरकारी शाळेत माणूस खालच्या प्राण्यांपासून आला असं शिकवायचं नाही. डेटन नावाचं छोटं गाव, तिथल्या औषधाच्या दुकानात बसून गावच्या चार शहाण्यांनी ठरवलं की आपण ह्या कायद्यावर केस घडवून आणू, गावाचं नाव पेपरात येईल. जॉन स्कोप्स नावाचा चोवीस वर्षांचा मास्तर आरोपी व्हायला तयार झाला. जुलैच्या उन्हात खटला चालला, रेडिओवरून देशभर ऐकवला, शेवटी १०० डॉलर दंड झाला. पुढं १९२७ मध्ये वरच्या कोर्टानं तो दंड रद्द केला पण कारण काय, तर दंडाची रक्कम ज्युरीनं ठरवायला पाहिजे होती अन् ठरवली जजनं! म्हणजे मुद्द्यावर निकालच नाही, कायदा १९६७ पर्यंत तसाच राहिला.

नंतर त्यांनी रूप बदललं. १९८७ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की देवानं सृष्टी घडवली हे सायन्स म्हणून शाळेत शिकवता येणार नाही, तर त्याच लोकांनी देवाचं नाव काढलं अन् म्हणायला लागले की कोणीतरी "बुद्धिमान रचनाकार" आहे. तोच रचनाकार शाळेत आणला म्हणून २००४ च्या डिसेंबरमध्ये पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर गावच्या ११ पालकांनी शाळा बोर्डावर केस केली. तिथल्या सायन्सच्या मास्तरांनी तर बोर्डानं दिलेला कागद वर्गात वाचायलाच नकार दिला होता, त्यांना माझा नमस्कार. २००५ च्या सुनावणीत रचनाकारवाल्यांच्या "ऑफ पांडाज अँड पीपल" ह्या पुस्तकाचे जुने मसुदे निघाले, १९८७ च्या निकालानंतर "निर्मितीवादी" काढून तिथं "रचनेचे समर्थक" चिकटवलेलं, अन् एका जागी ते चिकटवताना अर्धा जुना अन् अर्धा नवा शब्द तसाच राहून गेलेला. जज बुश साहेबांनीच नेमलेले, स्वतः धार्मिक गृहस्थ, तरी त्यांनी स्पष्ट लिहिलं की हे सायन्स नाही.

आपल्याकडं असं काही होते का?

कोर्टात नाही, पुस्तकात होते. एनसीईआरटीनं, म्हणजे केंद्राची शाळेची पुस्तकं काढणाऱ्या संस्थेनं, दहावीच्या "आनुवंशिकता आणि उत्क्रांती" ह्या धड्यातून उत्क्रांती काढली, आधी कोरोनात अभ्यासक्रम कमी करायचा म्हणून, मग २०२३ च्या नव्या पुस्तकातही नाही. १८०० च्या वर शास्त्रज्ञ-शिक्षकांनी विरोधाचं पत्र काढलं. सरकारी उत्तर आलं की बारावीत आहेच की. आहे, पण बारावीत बायोलॉजी घेणारे पोट्टे किती? आपल्या तालुक्यातली बरीच पोरं दहावीनंतर आर्ट्सला जातात, आयटीआयला जातात, वावरात जातात. आपल्या राज्य मंडळाच्या पुस्तकात धडा आहे, पण जिथं केंद्राची पुस्तकं चालतात तिथं ज्याला बोंडअळीशी लढायचं आहे नेमका त्याचाच धडा गेला. मला राग आहे तो ह्याचा. देवाशी माझं काही भांडण नाही.

तुर्कस्ताननं २०१७ मध्ये शाळेच्या अभ्यासक्रमातून उत्क्रांती काढली तेव्हाही सबब अशीच होती, पोरांना झेपत नाही. धर्म वेगळे, सबब सेम.

देव मानून उत्क्रांती मानता येते का?

करोडो लोक तेच करतात. ज्यानं वाटाण्यावरून आनुवंशिकता शोधली तो मेंडेल मठात राहणारा पाद्री होता. पोप जॉन पॉल दुसरे १९९६ मध्ये म्हणाले की उत्क्रांती आता नुसता तर्क राहिलेला नाही. स्वतः डार्विनची श्रद्धा म्हातारपणी उरली नव्हती, तरी १८८२ मध्ये तो गेला तेव्हा त्याला लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत पुरलं, म्हणजे चर्चमध्येच.

लांब काहून जायचं, नागपूरचे स्टीफन हिस्लॉप घ्या, ज्यांच्या नावानं कॉलेज आहे. आले होते मिशनरी म्हणून, बायबल सांगायला, अन् सुट्टीत नागपूरच्या आसपासचे दगड फोडून जीवाश्म गोळा करायचे, १८६३ मध्ये बुडून वारले. अन् लोणारला जा. सरोवर उल्केच्या धडकेनं झालं, साधारण ५ लाख ७० हजार वर्षांपूर्वी, हे भूगोलवाले सांगतात. तिथंच दैत्यसूदनाचं देऊळ आहे अन् लवणासुराला विष्णूनं मारलं ती गोष्ट पुजारी सांगतात. लोक दर्शन घेतात, मग काठावर उभं राहून उल्केचा बोर्ड वाचतात, फोटो काढतात, घरी जातात. भांडण कोणी करत नाही. भांडण तेव्हा होते जेव्हा कोणीतरी येऊन म्हणते की बोर्ड काढून टाका.

बौद्ध धर्मात ह्यावर काय आहे?

सृष्टी बनवणारा ईश्वरच तिथं नाही, त्यामुळं अडचण कमी. आमच्या गावातल्या विहारात ह्या विषयावर बोललो तेव्हा प्रश्न सगळे बोंडअळीचेच आले.

माणसात उत्क्रांतीचा पुरावा आपल्या भागात आहे का?

आहे, अन् जरा जपून सांगावं लागते कारण घराघरातला विषय आहे. सिकलसेल, रक्ताचा आनुवंशिक आजार. गडचिरोली, चंद्रपूर, अमरावती, यवतमाळ, आपल्या सगळ्या पट्ट्यात आहे. आई-बाप दोघांकडून तो जीन आला तर पोराला आजार होते, वेदनांचे झटके, रक्त कमी. एकाकडूनच आला तर माणूस धडधाकट राहते, अन् वरून जीवघेण्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळते, हे आफ्रिकेत १९५४ मध्येच दाखवून झालं. जिथं हजारो वर्ष मलेरियानं माणसं मारली तिथं हा जीन टिकला, कारण एक जीनवाले जगले. कोणाच्या पापाचा, जातीचा, करणीचा ह्यात काही हात नाही. मूठभर दाणे पाहून "बाहेरचं आहे" म्हणणाऱ्याकडं जाऊ नका, सरकारी दवाखान्यात टेस्ट फुकट होते, लग्नाआधी दोघांची करा, पत्रिका मग पाहा.

मास्तर, तुम्ही नास्तिक हाय काय?

शेगावच्या वारीत पाणी वाटतो. उत्क्रांतीही शिकवतो. पुढचा प्रश्न.

पालक शाळेत भांडायले आले तर?

बसवतो, चहा सांगतो, राज्य मंडळाचं दहावीचं विज्ञान भाग २ चं पुस्तक उघडतो, पहिलाच धडा "आनुवंशिकता व उत्क्रांती". म्हणजे मी घरून काही आणलेलं नाही. राज्यघटनेच्या कलम ५१ क मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणं हे नागरिकाचं कर्तव्य लिहिलं आहे, ते पण दाखवतो, पण खरं सांगू, त्यानं कोणी शांत होत नाही, मार्कांनी होतात. पोराला सांगतो की घरी काय मानायचं ते तुझं तू पाहा, पेपरात अवशेषांगाची, म्हणजे माकडहाड, अक्कलदाढ अशी उदाहरणं लिही.

हे सगळं पाहायचं असेल तर कुठं जावं?

नागपूरच्या रमण विज्ञान केंद्रात प्राचीन प्राण्यांचे मोठे पुतळे आहेत, लहान लेकरं खूश होतात. वरोऱ्याकडं पिसदुरा आहे, तिथं डायनोसोरची हाडं अन् दगड झालेलं शेणसुद्धा निघालं, त्या शेणात गवताचे कण सापडले अन् २००५ मध्ये जगभर बातमी झाली, कारण तोपर्यंत डायनोसोरच्या काळात गवत नव्हतं असंच समजत होते. सिरोंच्याकडं वडधमचं जीवाश्म पार्क आहे, दगड झालेली झाडं पाहायला मिळतात, पण यवतमाळहून लय लांब पडते, मुक्काम धरूनच जा. कुठंही गेलात तरी दगड उचलून पिशवीत टाकू नका, अन् मे महिन्यात तर पोरांना घेऊन जाऊच नका, दिवाळीच्या सुट्टीत जा.